ओंब्यांचं तोरण : सोंगणी आणि वाळवणीच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार

दसऱ्याला नाशिकहून आणलेलं तोरण आज काढलं. झेंडू चार दिवसांतच काळा पडला होता, पण मध्ये गुंफलेल्या भाताच्या लोंब्या महिन्यानंतरही तशाच आहेत. ही तोरणं इगतपुरी-त्र्यंबककडच्या बायका आणतात. कोकणात दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला दारावर ‘नवं’ बांधतात, त्यातही भाताची लोंबी लागतेच. आपण निफाड तालुक्यातले, आपल्याकडे भात कुठला! गहू मात्र दारात आहे. मग पाडव्याला दाराला गव्हाच्या ओंब्या का नकोत, हे डोक्यात बसलं ते बसलंच.

जाऊबाईंच्या ओळखीने शहरातल्या एका पूजासाहित्याच्या दुकानदाराला विचारलं. म्हणाला, पाडव्याला ६० तोरणं आणि गुढीला बांधायला १०० छोट्या जुड्या आणा, विकलं तेवढ्याचे पैसे, उरलं ते परत. म्हणजे धोका सगळा आपल्या पदरात. तरी हो म्हटलं.

नानांकडे विहिरीजवळचा एक गुंठा मागितला. “घे. फक्त पाण्याची पाळी चुकवू नको.” गहू हिरवा असतानाच कापायचा आहे, हे मी सांगितलं नाही. सासऱ्यांना सगळं एकाच दिवशी सांगायचं नसतं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

पेरलं. गुंठ्याचे तीन सारे पाडले.

पहिला लोकवन. बियाणं घरचंच. (हे नाव कुठल्या लोकवनातून आलं असं मला लहानपणी वाटायचं. खरं म्हणजे ते ‘लोक-वन’, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेतून आलेलं लोक-१.) दुसरा बन्सी. गल्लीतले म्हातारे बाबा शेवयांसाठी दरवर्षी थोडा राखतात, त्यांच्याकडून दोन किलो आणला. याची कुसळं लांब आणि काळपट असतात, मला हवीत ती तीच. तिसरी खपली, मिरजेकडच्या मावसबहिणीने कुरिअरने पाठवलेली, फोलासकट.

ओळीत वीतभर अंतर. युरिया निम्माच टाकायचा ठरवलं. जास्त नत्र दिलं की काडी लुसलुशीत होते आणि लोळते, आणि मला तर दाण्यापेक्षा काडीच हवी आहे.

२ डिसेंबर, शुक्रवार

२१वा दिवस. पहिलं पाणी दिलं. मुकुटमुळं फुटायची वेळ हीच, हे पाणी चुकलं तर फुटवे कमी आणि ओंब्याही कमी. बन्सीची उगवण विरळ आहे, बाबांचं बियाणं जुनं असावं.

१५ जानेवारी २०२३, रविवार

संक्रांत. सकाळी हातात टेप घेऊन शेतात, बायका ओवसायला निघाल्या होत्या आणि मी गहू मोजत होते. लोकवन पूर्ण निसवला, ओंब्या बाहेर आल्या. खपली अजून पोटरीत, ओंबी पानाच्या आतच.

उंची: लोकवन पावणेतीन फूट, बन्सी साडेतीन. खपली निसवली नाही तरी साडेतीनच्या पुढे गेलीय.

हा फरक उगाच नाही. साठच्या दशकात जे गहू आले त्यांच्यात ‘नोरिन १०’ या जपानी बुटक्या गव्हाचं रक्त होतं. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणं आलं आणि त्यानंतर आपल्या शेतातला गहू कमरेखाली आला. बुटका गहू खत पचवतो, लोळत नाही, दाणा जास्त देतो. आपल्या निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेले त्र्यंबक, तपोवन हेही त्याच बेताचे. माझ्यासारखीला मात्र काडी तोकडी पडते. इंग्लंडात काडीच्या बाहुल्या विणणारे लोक ‘मॅरिस विजन’ नावाचा जुना उंच गहू आजही मुद्दाम लावून घेतात. तिथे घरं शाकारायलाही तोच लागतो. आपल्याकडे अशा काडीला मागणीच नाही, म्हणून ती राखली कोणी? शेवया करणाऱ्यांनी आणि मधुमेहवाल्यांनी!

२२ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी पाणी दिलं आणि रात्री वारा सुटला. खपलीचा अर्धा सारा आडवा. चूक माझीच. उंच गव्हाला वाऱ्याच्या दिवशी पाणी देऊ नये हे शेंबडं पोरही सांगेल.

२७ जानेवारी, शुक्रवार

पडलेली खपली मेली नाही. काड्या पेराच्या गाठीतून वर वळल्या आहेत, गुडघा मोडून बसल्यासारख्या. खाली आडवी, गाठीपाशी कोपरा, पुढे सरळ आकाशाकडे. सरळ जुडीत या बसणार नाहीत, पण वाकलेली काडी कुठेतरी कामाला येईल. त्यांच्याभोवती लाल सुतळी बांधून ठेवली.

५ फेब्रुवारी, रविवार

८६वा दिवस. लोकवनचा दाणा दाबला की पांढरा चीक येतो. आज पहिली चाचणी कापली, प्रत्येक वाणाच्या १५० ओंब्या.

आधी हिशोब केला, जो खरं तर नोव्हेंबरात करायला हवा होता. फूटभर लांबी-रुंदीची चौकट ठेवून ओंब्या मोजल्या, ३० भरल्या. गुंठ्यात १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे ३२,०००. मला लागणार किती? एका तोरणाला ७ ओंब्यांचे ११ झुपके, ७७. साठ तोरणांचे ४,६२०. जुड्या ९ ओंब्यांच्या, शंभरांना ९००. तुटफूट धरून सहा हजार. म्हणजे गुंठ्याचा पाचवा हिस्साही नको! उरलेला गहू घरात येईल, नानांना सांगायला तोंड झालं.

चाचणीची वाळवण तीन ठिकाणी: गच्चीवर उन्हात, कांद्याच्या चाळीत, आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत. तिन्हीकडे ५०-५०च्या जुड्या, सुतळीने बांधून उलट्या टांगल्या.

७ फेब्रुवारी, मंगळवार

नानांनी कापलेला तुकडा पाहिला. काही बोलले नाहीत. जेवताना आईंना म्हणाले, “चिकातला गहू कापलाय. भरल्या ताटावरून उठल्यासारखं वाटतं.” मी भाकरी तशीच चावत राहिले. मग म्हटलं, नाना, हिशोब ऐका. एका ओंबीत ४२ दाणे मोजले. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास. सहा हजार ओंब्या म्हणजे अडीच लाख दाणे, म्हणजे दहा किलो गहू. यंदाचा हमीभाव क्विंटलला २,१२५, तर नुकसान २१२ रुपयांचं.

“पैशाचं नाही बोललो मी,” म्हणाले आणि ताक मागितलं.

त्यांचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. माझ्या माहेरीही कापलेल्या शेतात पडलेली ओंबी उचलून पदरात टाकल्याशिवाय आजी पुढे जात नसे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीतल्या दोन जुड्या सुटून खाली पडल्या. काडी वाळली की बारीक होते, सुतळीची गाठ तेवढीच राहते आणि मधल्या काड्या सटकतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या गोल पट्ट्या कापून घातल्या. काडी आक्रसते तसं रबरही आवळत जातं. दिरांनी ट्यूब दिली, वर “ताई, दुकान टाका” हेही दिलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणीचा निकाल.

गच्ची: तीन दिवसांत कडक. रंग गेला, धड हिरवा नाही, धड सोनेरी नाही, धुतलेल्या खाकी कपड्यासारखा. कुसळं हात लावताच मोडतात.

जिन्याखालची खोली: रंग सगळ्यात सुंदर, शेतात होता त्याच्या जवळपास. उजेड नाही म्हणून हिरवेपणा टिकला. पण हवाही नाही. बारा दिवस लागले आणि जुडी सोडली तर मध्ये कुबट वास, चार काड्यांवर पांढरी बुरशी.

कांद्याची चाळ: नऊ दिवस. फिकट हिरवा रंग, पिस्त्यासारखा. बुरशी नाही.

चाळ जिंकली, आणि ते आधीच सुचायला हवं होतं. कांदा सडू नये म्हणून तर ती बांधलेली असते: वर पत्रा, दोन्ही बाजूंना फटी, खालूनही हवा. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये आत जाईल, तोवर रिकामीच. दोन बाजूंना गोणपाट लावलं की उजेडही अडेल. जुडी ५०ची नाही, ३०ची करायची.

वाणांचंही कळलं. चिकात कापलेल्या लोकवनचा दाणा सुकून आत बसला, ओंबी बारीक झाली, पण देखणी. बन्सीची काळी कुसळं या वेळी अजून काळी झालेलीच नाहीत, रंग दाणा भरताना चढतो असं दिसतं. म्हणून बन्सी आताच कापायची नाही. खपलीची ओंबी चपटी, दोन बाजूंनी विणल्यासारखी, सगळ्यांत रेखीव. दाणा फोलात घट्ट असल्याने गळायचं भय नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी सोंगणी, पहिली खेप. १०२वा दिवस. लोकवन हुरड्यात: दाणा नखाने दाबला तर चीक नाही, मऊ कणकेसारखा दबतो. ओंबीखालची मान पिवळी पडू लागलीय, खालचं पेर अजून हिरवं. हिरवा आणि सोनेरी एकाच काडीत मिळतो तो याच चार-पाच दिवसांत.

द्राक्षांची काढणी सुरू, बायका मिळत नाहीत. दोघी आल्या त्या ओळखीच्या म्हणून, रोज ३००. त्यांना आधी समजावून सांगावं लागलं की हे नेहमीच्या सोंगणीचं उलटं आहे. नेहमी मूठ धरायची, विळा मारायचा, पेंडी टाकायची, दाणा घरी आला की झालं. इथे दाण्याला किंमत नाही, कुसळ मोडता कामा नये. पहिल्या तासात मावशींच्या हाताने सवयीने सपासप निघालं आणि मूठभर ओंब्यांची कुसळं एकमेकांत अडकून मोडली. मग बसलं असं:

दहिवर उतरल्याशिवाय शेतात जायचं नाही. ओली काडी बांधली की चाळीत बुरशी येते. नऊला सुरुवात, बाराला बंद, कारण दुपारी काडी कडक होते. डाव्या हाताने ओंबीला नाही, काडीला धरायचं, एका वेळी सात-आठच. दातेरी वैभव विळ्याने जमिनीपासून चार बोटं वर कापायचं. विळा ओढायचा, हिसका द्यायचा नाही. कापलेलं जमिनीवर टाकायचं नाही, द्राक्षाच्या क्रेटमध्ये ओंब्या एका बाजूला करून आडवं ठेवायचं. क्रेट भरला की सावलीत.

दुपारी ओट्यावर बसून सोलणं. काडीला गुंडाळलेलं पान खालून वर नाही, वरून खाली ओढायचं. एका झटक्यात निघतं आणि आतून चकचकीत काडी बाहेर येते. दोघींपैकी धाकटीला हे इतकं आवडलं की माझ्या वाटचंही तिनेच सोललं. पाला गाईला.

कुसळांचं काय सांगावं! पूर्ण बाहीचा सदरा घातला तरी दंडाला टोचून लाल. एक कुसळ ओढणीतून आत गेलं ते रात्री अंथरुणात सापडलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणणाऱ्याने गहू सोंगलेला असणार, कारण डोळ्यात एक गेलंच माझ्या, आणि ते दिसायला लहान असलं तरी मुसळापेक्षा कमी वाटत नाही. उद्यापासून दिरांचा गाडीवरचा चष्मा.

आजच्या ओंब्या: लोकवन अंदाजे २,१००, खपली ६००.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक मोठी गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवते.

नमुन्याचं तोरण बांधलं. भाताच्या तोरणाची नक्कल, ओंब्या खाली सोडून. अगदीच वाईट दिसलं. जाऊबाई म्हणाल्या, “खराट्याची झालर वाटते.” खरंच वाटत होती. भाताची लोंबी जात्याच लवलेली असते, दोऱ्याला लावली की आपोआप झुलते. गव्हाची ओंबी ताठ. आणि मी ती उलटी टांगून वाळवल्याने मान होती नव्हती तेवढीही सरळ झाली. उलटं टांगणं हे फुलं वाळवणाऱ्यांकडून उचललं होतं. फुलाची मान सरळ हवी असते म्हणून ते उलटं टांगतात. मला ती सरळ हवी आहे का, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

म्हणून आज कापलेल्या ४०० ओंब्या उभ्या ठेवल्या, क्रेटच्या जाळीच्या भोकांत तीन-तीन काड्या, सैल. हुरड्यातल्या ओंबीला वजन असतं आणि मान अजून ओली, तेव्हा ती स्वतःच्या भाराने वाकायला हवी.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

उभ्या ठेवलेल्यांची मान वाकली. सगळ्यांची सारखी नाही, पण लवलेली दिसते. वाळताना जी मान धरेल ती कायम. आता तोरणात मधले झुपके ताठ ओंब्यांचे पंख्यासारखे वर, आणि दोन्ही टोकांना लवलेल्या खाली, असं करून पाहणार.

काल लासलगावला शेतकऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद पाडले. दोन-चार रुपये किलो भाव. नाना दिवसभर ओट्यावर बसून होते. माझ्या जुड्या मोजायचा दिवस नव्हता.

४ मार्च, शनिवार

दुसरी खेप. ११३वा दिवस, आता सगळं पिवळं. बन्सीची कुसळं अखेर काळी झाली: सोनेरी ओंबी आणि वर काळ्या रेघा, शाईने ओढल्यासारख्या. १,३०० कापल्या. लोकवन ९००. पिकलेल्या लोकवनला हलकेच हात लावावा लागतो, चोळलं तर दाणा सुटतो. वाळवायला फार नाही, तीन-चार दिवस पुरतील.

घरचा एकरभर गहू अजून उभा आहे. हार्वेस्टरवाल्याने आठ तारीख दिलीय. नानांनी हाताने सोंगायचं मनात आणलं होतं, पण मजूर सगळे द्राक्षांत.

७ मार्च, मंगळवार

परवा रात्री वीज चमकत होती. काल होळी. संध्याकाळी पोळीचा नैवेद्य दाखवला, मुलांनी ओंब्या भाजल्या, आणि रात्री पाऊस आला. आमच्याकडे गारा बारीक होत्या, पण वारा मोठा. सकाळी पाहिलं तर एकरातला गहू झोपलेला, चटई अंथरल्यासारखा. जानेवारीत खपली पडून उठली होती. पिकलेली काडी उठत नाही, तिच्या पेरात आता जीव नाही.

चाळीत धावले. पश्चिमेच्या फटींतून तिरपा पाऊस आत आला होता. गोणपाट उजेडासाठी लावलेलं, पाण्यासाठी नाही. त्या बाजूच्या ३५-४० जुड्या ओल्या, त्यात बन्सीच जास्त. ओल्या जुड्यांचं रबर सोडून काड्या घरात पंख्याखाली सतरंजीवर पसरल्या. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आई काही म्हणाल्या नाहीत, उलट स्वतः एकेक काडी सुटी करत बसल्या.

नाना शेतातून आले तेव्हा मी हे करत होते. मला लाज वाटली. एकीकडे एकरभर गहू चिखलात आणि मी सजावटीच्या काड्यांना पंखा लावतेय. ते दारात उभे राहून म्हणाले, “खिडकी उघड पलीकडची. वारा आरपार गेला पाहिजे.”

१० मार्च, शुक्रवार

शेतात पडलेल्या गव्हाच्या ओंब्यांवर काळपट छटा आली. पिकलेल्या ओंबीला पाणी लागलं की ही काळी बुरशी धरते. दाणा खायला चालेल, फक्त भाव पडेल. सोनेरी रंग मात्र गेला तो गेला, वाळवूनही येत नाही. माझ्या ओल्या झालेल्यांपैकी २२० ओंब्या अशाच करड्या पडल्या, त्या टाकल्या. बाकी वाचल्या, पंख्यामुळे.

हार्वेस्टर आलं नाही. पडलेल्या गव्हात त्याचा पाता चालत नाही. शेवटी हातानेच.

१२ मार्च, रविवार

वेणीचा दिवस. तोरणाच्या वरच्या बाजूला सुतळीऐवजी गव्हाच्याच काडीची वेणी हवी होती. काड्या अर्धा तास कोमट पाण्यात, मग ओल्या टॉवेलात गुंडाळून. फक्त वरचं पेर घ्यायचं, ओंबीपासून पहिल्या गाठीपर्यंतचं. तेच लांब आणि एकसारखं असतं.

बन्सीने दगा दिला. दिसायला राणी, पण वेणीत तिसऱ्या वळणाला कट्‌. काडी चिरून पाहिली तर आतून भरीव, भेंडासारखी. लोकवनची पोकळ. पोकळ काडी दाबली की चपटी होते आणि वळते, शिवाय संपली की बारीक टोक दुसरीच्या पोकळीत सरकवून पुढे जाता येतं, गाठ दिसत नाही. ज्या लोकवनला मी बुटका म्हणून नावं ठेवली त्याचीच वेणी झाली. फक्त जोड जास्त द्यावे लागतात.

पाचपेडी जमत नाही, तीनपेडीच. हात भिजवून भिजवून बोटांना सुरकुत्या.

आणि हो, लाल सुतळीवाली खपली! त्या कोपरा झालेल्या काड्यांचे दोन-दोन तुकडे जोडून तोरणाच्या मधोमध कमान झाली. साठांपैकी अकरा तोरणांनाच पुरली. दुकानदाराला ती वेगळी दाखवणार.

१७ मार्च, शुक्रवार

पुन्हा पाऊस. या वेळी सगळं घरात होतं. सोंगलेल्या गव्हाच्या पेंड्या मात्र खळ्यावर ताडपत्रीखाली, दुसऱ्यांदा. ४९ तोरणं झाली.

२१ मार्च, मंगळवार

काल रात्री दोनपर्यंत बसून साठ पूर्ण केली. सकाळी बसने नाशिक. द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांत दोन-दोन तोरणं, मध्ये कागद. एसटीत बाजूच्या आजोबांनी विचारलं, काय आहे. दाखवलं. त्यांनी ओंबी हातात घेऊन सवयीने चोळायला सुरुवात केली, मी हात धरला.

दुकानदाराला पिस्त्याच्या रंगाची आवडली नाहीत. “सोनेरी स्प्रे मारून आणायचा ना, ताई.” मी म्हटलं, हा रंग मिळवायला मला तीन ठिकाणी वाळवण घालावी लागली, स्प्रे तुम्ही मारा. मारला नाही त्याने. काळ्या कुसळांची पंधरा त्याने हातोहात पुढच्या फळीवर लावली.

उद्या पाडवा. आमच्या दारावर तीन, तिन्ही प्रकारची. गुढीला ओंब्या बांधायची आमच्याकडे रीत नाही, कडुनिंब आणि गाठीच. जुडी बाजूला ठेवली होती, आईंनीच ती कडुनिंबाबरोबर बांधायला घेतली.

४ एप्रिल, मंगळवार

हिशोब. तोरणं ४७ गेली, दीडशेप्रमाणे ७,०५०. जुड्या ८८, वीसप्रमाणे १,७६०. एकूण ८,८१०. खर्च: मजुरी १,८००, दोरा-पुठ्ठा-किरकोळ ६४०, प्रवास ४००. हातात ५,९७०. माझ्या स्वतःच्या रात्री धरल्या तर किती उरतात हे काढत नाही.

परत आलेल्या १३ तोरणांपैकी ९ हिरवी. एका गिऱ्हाइकाने म्हणे विचारलं, “हे कच्चं आहे का?” बरोबरच आहे, कच्चंच आहे.

पावसात सापडलेला गहू घरी खायला ठेवला, बाजारात नेला नाही.

१० जून, शनिवार

नोंदी बंद केल्या होत्या, पण हे लिहायलाच हवं. नाशिकच्या एका ताईंचा निरोप दुकानदारामार्फत आला, सोबत फोटो: काळ्या कुसळांच्या तोरणाभोवती बारीक भुरे पतंग आणि खाली शोकेसवर पिठासारखी भुकटी. घरी दारावरची तीन उतरवून पाहिली. बन्सीच्या ओंबीत दाण्यांना गोल भोकं, दाणा आतून पोकळ. पिकलेल्या लोकवनचंही तेच. धान्यातला हा पतंग शेतातच ओंबीवर अंडी घालतो, अळी दाण्याच्या आत वाढते, बाहेरून काही दिसत नाही. चिकात कापलेलं हिरवं तोरण स्वच्छ. त्यात दाणाच नाही, खायला येणार कोण?

नानांना सांगितलं. बराच वेळ हसले.

उरलेली तोरणं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये, चार दिवस. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दमट हवेचं पाणी ओंब्यांवर सुटतं. पुढच्या वर्षी दुकानात देण्याआधीच हे करायचं. त्या ताईंना नवीन हिरवं पाठवलं, त्यांनी कळवलंय की रंग पडद्याशी जुळत नाही, पण ठेवते.

फ्रीजरमध्ये जागा करायला जानेवारीचे मटार काढले. आज रात्री मटारची उसळ, उद्याही.